लेण्यांची राखण: सातमाळ्यातल्या एका वनपालाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चाळीसगावहून पाटणादेवीच्या रस्त्याला लागलं की कापसाची शेतं हळूहळू मागे पडतात आणि समोर सातमाळ्याचा डोंगर आडवा येतो. माझी सगळी नोकरी या डोंगराच्या अंगाखांद्यावर गेली. आधी वनरक्षक होतो, आता वनपाल आहे. नाक्यावर, पायवाटेवर, लग्नाच्या मांडवात, जिथे भेटतील तिथे लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं घाईत दिली की अर्धवट राहतात, म्हणून एकदा बसून लिहून काढली.

तुम्ही रेंजर ना?

खाकी घातलेला दिसला की गावात तो रेंजर. खात्यात मात्र रेंजर म्हणजे वनक्षेत्रपाल, अख्ख्या परिक्षेत्राचा प्रमुख. सगळ्यात पुढे, जंगलात पायी फिरणारा तो वनरक्षक. त्याच्याकडे एक नियतक्षेत्र असतं, त्याला आम्ही बीट म्हणतो. काही बीटं मिळून एक परिमंडळ, म्हणजे राउंड, आणि ते वनपालाकडे. म्हातारी माणसं अजून मला 'फारेस्टर साहेब' म्हणतात. मला तेच बरं वाटतं.

इथल्या गुहा नैसर्गिक आहेत की कोरलेल्या?

आपल्याकडच्या कोरलेल्या. लोकांना टीव्हीवर पाहिलेल्या, छतापासून दगडी झुंबरं लोंबणाऱ्या गुहा आठवतात. त्या चुनखडीच्या. आंध्रातली बोर्रा, बेलम किंवा छत्तीसगडच्या कांगेर घाटीतली कुटुमसर, तसल्या. पाणी चुनखडी विरघळवतं आणि थेंबाथेंबाने ती परत साचवतं. आपला दगड बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो तसा विरघळत नाही. इथे माणसाने छिन्नी चालवली तेव्हाच आत जागा झाली.

पितळखोरा त्यातलं सगळ्यात जुनं आणि मोठं. इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकापासूनची ही बौद्ध लेणी. कागदोपत्री ती कन्नड तालुक्यात, पण डोंगराच्या ज्या कड्यात ती आहेत तिथून खाली खानदेशच दिसतो. पाटणादेवीजवळच्या पाटणं गावाच्या बाजूला नागार्जुन कोठडी ही जैन लेणी, शिवाय सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी. हा सगळा टापू गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं.

आणि हो, पाटणं म्हटलं की भास्कराचार्य आलेच. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ज्या वाटेवर लोक आज कुरकुऱ्यांची पाकिटं टाकतात, त्या वाटेने कधीकाळी गणिताचे विद्यार्थी चालत होते. हे मी प्रत्येक शाळेच्या सहलीला सांगतो, आणि पोरं ते ऐकतात.

लेणी पुरातत्त्वची आणि जंगल तुमचं. मग राखतं कोण?

दोघंही. पितळखोऱ्याचं संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. भिंत, खांब, चित्रं, डागडुजी ही त्यांची जबाबदारी. लेण्यापर्यंत जाणारी वाट, भोवतीचं झाड, ओढा, जनावर आणि वणवा आमच्याकडे. कागदावर हद्द स्पष्ट आहे, पण धूर, पाणी आणि माणूस हद्द बघून चालत नाहीत. खाली पेटवलेल्या पाल्याचा धूर वर चित्रावर बसतो. वर तोडलेल्या झाडाखालची माती पावसात लेण्याच्या दाराशी येऊन थांबते. म्हणून माझ्या वनरक्षकांना मी पहिल्या दिवशीच सांगतो, दगड आपला नाही असं तोंडातून काढायचं नाही.

तुमचा दिवस कसा जातो?

पायी. सकाळी उन्हं यायच्या आत गस्त सुरू. आधी पाणवठ्यावरचे ठसे बघायचे, मग वाटेवर रात्री कोणी आलं होतं का ते बघायचं. ओल्या मातीतला बुटाचा ठसा आणि नुकती विझलेली बिडी बरंच काही सांगते. नऊ-दहाला लोक येऊ लागतात, मग नाक्यावर बोलणंच जास्त. दुपारी नोंदवह्या, मजुरांची हजेरी, कुठे गुन्हा घडला असेल तर पंचनामा. संध्याकाळी शेवटचा माणूस जंगलाबाहेर पडला का हे मोजायचं. आत गेलेल्या गाड्या आणि बाहेर आलेल्या गाड्या जुळल्या नाहीत की बॅटऱ्या घेऊन निघायचं.

हिवाळा संपता संपता जाळरेषा काढतो. वाळलेला पट्टा आपणच आधी जाळून, झाडून मोकळा करायचा, म्हणजे वणवा आला तर तिथे अडतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत झोप सावध असते. सागाचं पान वाळलं की पापडासारखं होतं.

नुसता हात लावला तर दगडाला काय होणार आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा माणूस वाईट नसतो. त्याला खरंच वाटतं की दोन हजार वर्षं टिकलेल्या दगडाला आपल्या हाताने काय होणार. म्हणून इथे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, चित्र दगडावर नसतं. दगडावर मातीचा गिलावा, त्यावर पातळ थर आणि त्यावर रंग. शेकडो वर्षांत गिलावा दगडापासून सुटत जातो, मागे पोकळी होते. वरून सगळं शाबूत दिसतं. बोटाने हलकं टेकलं तरी ढलपी निघते. पितळखोऱ्यात अशी ढलपी गेलेली जागा अगदी जवळून बघा. कड पापुद्र्यासारखी उचललेली असते, कडेला करड्या मातीत गवताची बारीक काडी दिसते, आणि रंग तिथे एकदम तुटतो. त्या काडीपर्यंत नजर गेली की हात आपोआप मागे येतो. मी लोकांना हेच दाखवतो, पाटी दाखवत नाही.

दुसरी गोष्ट, घाम आणि तेल. एकाचा हात पुसता येईल. पण खांबाची एकच बाजू काळी, तुळतुळीत का झालेली असते? कारण वळताना प्रत्येक जण तिथेच हात टेकवतो. चुनखडीच्या गुहांत तर हाताचं तेल लागलं की त्या जागी थेंबातली चुनखडी धरतच नाही, झुंबराची वाढ थांबते.

तिसरी गोष्ट श्वासाची. नुसता उभा असलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सोडतो, शिवाय वाफ सोडतो. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० साली सापडली, १९४८ साली लोकांसाठी उघडली आणि १९६३ साली बंद करावी लागली. हजारो वर्षं जपलेल्या चित्रांवर पंधरा वर्षांत शेवाळ आणि पांढरे डाग आले. कोणी हात लावला म्हणून नाही, माणसं आत आली आणि श्वास घेत राहिली म्हणून. लोक आता शेजारी बांधलेली हुबेहूब प्रतिकृती बघतात. आपल्या लेण्यांना तोंड मोठं, वारा खेळता, म्हणून इतकं होत नाही. पण आतल्या कोंदट खोलीत चाळीस माणसं एकदम घुसली की भिंत ओली होताना मी पाहिली आहे.

जंगलाचं आणि लेण्याचं दुखणं वेगळं आहे. वणव्यात जळालेल्या माळावर दोन पावसाळ्यांत गवत उभं राहतं, तोडलेल्या सागाला बुडातून फुटवा येतो. लेण्याला फुटवा येत नाही. माझ्या सगळ्या कामाचं मूळ हे आहे.

जुन्या लोकांनीही खांबांवर नावं कोरली आहेत. मग आमचं नाव कोरलं तर गुन्हा का?

एका कॉलेजच्या पोराने हे विचारलं होतं आणि प्रश्न चांगला होता. पितळखोऱ्याच्या चैत्यगृहात खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत हे खरं. पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुटुंबाने तिथे खांब दिला, त्याची ती नोंद. त्यांनी खर्च केला, खांब घडवला आणि मग नाव लिहिलं. राजवैद्याच्या घरच्यांचीही नावं तिथे आहेत. सोनारकाम करणाऱ्या कान्हदासाने तर यक्षाची मूर्ती घडवून तिच्या हातावर नाव कोरलं. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दुसरं उदाहरण अजिंठ्याचं. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोचला आणि दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरून गेला. दोनशे वर्षं झाली, ओरखडा तिथेच आहे. त्या पोराला मी विचारलं, तुला कान्हदासाच्या ओळीत बसायचंय की स्मिथच्या? तो काही बोलला नाही, पण खिशातली किल्ली खिशातच राहिली.

कायद्याचं म्हणाल तर संरक्षित स्मारक विद्रूप केलं की दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमच्या डोळ्यांदेखत कधी असं झालं का?

झालं, आणि चूक माझी होती. आमच्या भागातल्या एका लहान लेण्यात सहल आली होती. मी बाहेर दाराशी सरांशी बोलत उभा राहिलो. पाच मिनिटं, फार तर सहा. आत गेलो तेव्हा सातवी-आठवीतला एक मुलगा कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन भिंतीशी बसला होता. बदाम काढून झाला होता आणि आत एक अक्षर. खाली दगडाचा पांढरा भुगा पडला होता, चिमूटभर. त्याने घाबरून तो भुगा हाताने गोळा केला आणि माझ्यापुढे धरला, जणू मी तो परत चिकटवणार होतो.

ओरडलो नाही. ओरडून काय होणार होतं? त्या दिवसापासून नियम केला. गट आत असेल तर मी किंवा माझा माणूस आत, आणि पोरांची दप्तरं बाहेर. तो बदाम अजून तिथे आहे. मी प्रत्येक गस्तीला बघतो.

मग लिहिलेलं पुसून का टाकत नाही?

कारण तारेच्या ब्रशने घासलं तर अक्षराबरोबर दगडाचा थरही जातो. डाग काढायला लावलेलं औषधसुद्धा घात करतं. अजिंठ्यात १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी चांगल्या हेतूने चित्रांवर लाखेचा थर दिला. पुढे तोच थर पिवळा पडला आणि चित्रं झाकोळली. तज्ज्ञांच्या हातून असं होतं, तर आम्ही बादली-फडकं घेऊन जाऊ नये हे बरं. आम्ही फोटो काढतो, माप घेतो, कळवतो.

अभयारण्यात भरीत पार्टी का करू देत नाही?

खानदेशी माणसाला हिवाळ्यात भरीत नको म्हणणं मला स्वतःला जड जातं. मीही याच मातीतला. लेवा वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ, वरून तेल-मिरची आणि कळण्याची भाकरी, यापुढे पंगत फिकी. पण तीन दगड मांडून केलेल्या त्या चुलीचा धूर कड्याला धरून वर चढतो आणि लेण्याच्या छताला जाऊन बसतो. आमच्याकडे एका कपारीचं छत डांबरासारखं काळं झालंय, नखाने खरवडलं तर तेलकट काजळी येते. दुसरं, पार्टी उठते, निखारा राहतो. वारा सुटला की तो सागाच्या पाल्यात जातो. अभयारण्यात आग लावणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

म्हणून माझं सांगणं साधं: भरीत घरून भाजून आणा. डब्यातलं भरीत झाडाखाली बसून खा, कागद-द्रोण परत न्या. काही मंडळी हिवाळ्यात तशी येतात, आणि जाताना आम्हालाही भाकरी देतात.

नवरात्रात देवीला येणाऱ्यांनाही अडवता का?

नाही. पाटणादेवीच्या, म्हणजे चंडिकादेवीच्या यात्रेत माणसांचा पूर येतो आणि तो यायलाच हवा. ते दैवत आमचंही आहे. विनंती इतकीच की लेण्यातल्या, कपारीतल्या मूर्तीपुढे तेलाचा दिवा, कापूर लावू नका, शेंदूर फासू नका, नारळ फोडू नका. बहुतेक आजीबाई ऐकतात. एकीने मला विचारलं, "मंग देवले काय देऊ भाऊ?" मी म्हणालो, "आई, फूल ठेवा." तिने ओटीतलं एक झेंडूचं फूल काढून ठेवलं आणि ती पुढे गेली.

वटवाघळांची घाण होते, त्यांना हाकलून का देत नाही?

घाण होते, वास येतो, दगडावर डाग पडतात, हे मान्य. पण बिनचित्रांच्या, अंधाऱ्या खोल्यांत ती आधीपासून राहतात. त्यांतली किडे खाणारी जात रात्रभर खालच्या शेतांवरचे पतंग टिपते, फळं खाणारी जात बिया लांबवर पसरवते. वटवाघळाला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं आणि सुरुवातीला ते आईच्या पोटाला चिकटून असतं. आत शिट्ट्या मारल्या, टॉर्च छतावर रोखली की झुंडच्या झुंड उडते आणि पिल्लं गळून पडतात. एकदा असं पडलेलं पिल्लू मी पाहिलं. अंगठ्याएवढं, उघडं गुलाबी अंग, डोळे मिटलेले, आणि पंखाच्या टोकाचा आकडा जमिनीला काहीतरी धरायला शोधत होता. आम्ही कापडाने उचलून भिंतीच्या खडबडीत भागाला लावलं आणि बाहेर आलो.

तुमच्यासाठीही एक सांगणं आहे. त्यांच्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडं सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) २०२१ साली जाहीर केलं. घाबरायचं कारण नाही, पण मेलेलं वटवाघूळ हातात घेऊन फोटो काढू नये. आम्ही अशा खोलीत गेलो तर मास्क लावून जातो.

आग्या मोहोळ उठलं तर?

कड्याच्या ओठाला काळे पडदे लोंबताना दिसतात, ते आग्या मोहोळ. सेंट मारून, बिडी पेटवून, ढोल वाजवत त्याखालून जाऊ नका, दगड तर मारूच नका. उठलंच तर तोंड, नाक, डोळे झाकून सरळ लांब पळा. हात झाडत उभे राहू नका, पाण्यात उडी घेऊ नका, माश्या वर वाट बघत राहतात. एका पोराने मारलेल्या दगडापायी मला एकदा मानेवर आणि कानामागे इतके काटे बसले की दोन दिवस मान वळत नव्हती.

पावसाळ्यात धबधबे छान असतात. तेव्हाच वाट का बंद करता?

कारण पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नाही, वर पठारावर पडतो. केदारकुंडाशी, धवलतीर्थाशी ऊन असतं, पाणी घोट्याइतकं असतं, आणि वीस मिनिटांत ओढा छातीपर्यंत येतो. आधी पाण्याचा रंग बदलतो. स्वच्छ पाणी चहासारखं झालं, काड्या-पालापाचोळा वाहत आला, की बूट शोधत बसायचं नाही, वर चढायचं.

३० आणि ३१ ऑगस्ट २०२१ ची रात्र आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात आणि आसपासच्या गावांत पाणी शिरलं, गुरं वाहून गेली. तेव्हापासून मी नाक्यावर कोणाशी हुज्जत घालत नाही. बंद म्हणजे बंद.

कुटुमसरची गुहासुद्धा पावसाळ्यात पाण्यामुळे बंदच ठेवतात. आपली लेणी खोदणाऱ्यांना पाण्याची जाण आपल्यापेक्षा जास्त होती. पितळखोऱ्याच्या चौथ्या लेण्याच्या दाराशी हत्तींची रांग आणि भालाईत द्वारपाल आहेत, तिथेच पाच फण्यांचा नाग आहे. डोंगरातून झिरपणारं पाणी त्या नागाच्या तोंडातून बाहेर पडावं अशी वाट त्यांनी दगडातून काढली होती. तरीही खडक ठिसूळ, त्यामुळे लेण्यांची दर्शनी बाजू बरीच ढासळली.

बिबट्या दिसतो का? वाघ आहे का?

बिबट्या आहे, दिसतो क्वचित. वाघ म्हणाल तर मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून चालत आलेला एक वाघ गौताळ्यात ट्रॅप कॅमेऱ्यात आला होता. अंधाऱ्या कपारीत मात्र डोकावू नका, अस्वलांना आणि बिबट्यांना तसल्या जागा आवडतात.

ड्रोन, प्री-वेडिंग शूट?

परवानगीशिवाय नाही. परवानगी असली तरी रंगीत धूर सोडणाऱ्या नळकांड्या कुठल्याही परिस्थितीत नाहीत.

या नोकरीत यायचं असेल तर काय करावं?

वनरक्षक भरतीला बारावी लागते, विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालते. धावणं असतं आणि चालण्याची परीक्षा असते: पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, मुलींना १६. अटी जाहिरातीगणिक बघून घ्याव्यात. वनक्षेत्रपाल व्हायचं तर एमपीएससीची वनसेवा परीक्षा. वनरक्षकाच्या प्रशिक्षणासाठी लांब जायला नको, रावेर तालुक्यात पालला वन प्रशिक्षण संस्था आहे. मी तिथलाच.

मुलींनी यावं का, हे पालक दबक्या आवाजात विचारतात. माझ्या राउंडमधली सगळ्यात पक्की गस्त एका ताईची आहे. दारू पिऊन आलेल्या टोळक्याला ती ज्या शांतपणे बाहेर काढते, ते मला अजून जमत नाही.

नवीन माणसाला तुम्ही पहिलं काय शिकवता?

पहिल्या आठवड्यात मी त्याला दुपारी, लोक नसताना, लेण्यात घेऊन जातो. बॅटरी बंद करायची, मोबाईल बंद करायचा आणि दहा मिनिटं काही न करता बसायचं. सुरुवातीला त्याला काहीच दिसत नाही. मग दारातून आलेल्या उजेडाने खांबाची कड दिसू लागते, छिन्नीचे तिरपे घाव दिसतात, मागच्या कोपऱ्यात पाणी ठिबकतं ते ऐकू येतं. बाहेर आलो की मी विचारतो, थेंब किती वेळाने पडत होता? परवा नव्या वनरक्षकाने सांगितलं, "साहेब, अकरा आकडे मोजले की एक." मग आम्ही वहीत तारीख टाकून ते लिहिलं. पुढच्या महिन्यात तो परत मोजेल.